‘पाहिजे’ : कुणाला आणि कुणी?

मराठी माणूस दिवसभरात कोणती क्रियापदे किती वेळा उच्चारतो याची कुणी मोजदाद केली, तर ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्या मागोमाग ‘पाहिजे’चा नंबर लागेल असा माझा अंदाज आहे. सकाळी चहा पाहिजे, शेताला पाऊस पाहिजे, मुलाला नोकरी पाहिजे, मुलीला चांगले स्थळ पाहिजे. आणि त्याच दमात वेळेवर उठले पाहिजे, खरे बोलले पाहिजे, वडीलधाऱ्यांचा मान राखला पाहिजे. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या नाण्यावरचा छाप जसा कुणी पाहत नाही, तसा हा शब्द आपण कधी उलटून पाहत नाही. या दिवाळीत तो जरा उलटून पाहावा असे मनात आले.

या शब्दाचे व्याकरण मुळातच चमत्कारिक आहे. ‘करतो’चा धातू ‘कर’, ‘जातो’चा ‘जा’. मग ‘पाहिजे’चा कोणता? वर्गात विचारले तर निम्मी मुले ‘पाहिज’ म्हणून मोकळी होतात. त्यांचा दोष नाही. या क्रियापदाला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘पाहिजे होते’ असे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून त्याला मागे जावे लागते. ‘चार वह्या पाहिजेत’ असे अनेकवचन मात्र लोकांनी त्याला जोडून दिले आहे.

त्याचा धातू आहे ‘पाह’. ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिले जाते’. संस्कृतातला कर्मणि प्रयोग प्राकृतातून झिजत मराठीत उतरला. ‘क्रियते’चे ‘किज्जइ’ आणि त्याचे ‘कीजे’. ‘दीयते’चे ‘दिज्जइ’ आणि त्याचे ‘दीजे’. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ही ‘-इजे’ची रूपे पानोपानी आहेत. कीजे, दीजे, बोलिजे, जाणिजे. जेवणापूर्वीच्या श्लोकातले ‘जाणिजे’ आपल्या घरात अजून रोज उच्चारले जाते. पुढे ‘केले जाते’, ‘दिले जाते’ अशी लांबलचक रचना आली आणि ही सुटसुटीत रूपे बोलण्यातून गेली. दोनच मागे राहिली. एक ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’; त्याचेच आजचे ‘म्हणजे’. आणि दुसरे ‘पाहिजे’. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्यात या जुन्या कर्मणीचा माग काढलेला आहे. सातशे वर्षांपूर्वीचा वाडा पडला आणि त्याच्या दोन तुळया आपण नव्या घराला लावल्या, तसा हा प्रकार.

पण ‘पाहिले जाते’ यातून ‘हवे आहे’ हा अर्थ कसा निघाला? आपण ‘वाट पाहतो’, ‘स्थळ पाहतो’, ‘भाड्याने खोली पाहतो’. जे पाहिले जाते ते शोधले जाते आणि जे शोधले जाते त्याची गरज असते. ‘मला पाणी पाहिजे’ याचा जुना सांगाडा असा, की माझ्यापुरते पाणी शोधले जात आहे. वाक्याचा मालक पाणी. मी कोपऱ्यात ‘ला’ लावून उभा! हा काही मराठीचा एकटीचा विक्षिप्तपणा नव्हे. गुजरातीत ‘मने पाणी जोइए’ म्हणतात आणि तिथे ‘जोवुं’ म्हणजे पाहणेच. हिंदीच्या ‘चाहिए’चा साचा तोच आणि जुन्या हिंदीत ‘चाहना’ला पाहण्याचा, वाट पाहण्याचा अर्थ होता. आमच्या बाजारातली दखनी मात्र वेगळ्या वाटेने जाते. ‘मेरेकू पानी होना.’ ते आपल्या ‘हवे’चे भावंड म्हणावे लागेल, कारण ‘हवे’चे मूळ ‘होणे’च. तेलुगूचे ‘कावाली’ही ‘होणे’ या अर्थाच्या धातूवर उभे आहे. आमच्या कोहिनूरच्या आठवडी बाजारात (नाव हिऱ्याचे असले तरी ढीग तुरीचेच असतात, हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगावे लागते) एका दुकानासमोर उभे राहिले तरी गरज सांगायच्या तीनचार तऱ्हा कानी पडतात.

त्यांतली सर्वांत जास्त ऐकू येणारी अर्थातच कन्नड ‘बेकु’. किट्टेलने १८९४ साली मंगळूरला छापलेल्या कोशात ‘बेकु’ आहे. जुन्या कन्नडात त्याचे रूप ‘बेळ्कुं’ असे होते. तमिळच्या ‘वेण्डुम्’चे ते नातलग. इथे पाहण्याचा संबंध नाही. मूळ अर्थ इच्छेचा, मागण्याचा. म्हणजे मराठी शब्द डोळ्यातून आला आणि कन्नड शब्द मनातून आला. पण आज दोघांचे काम इतके सारखे आहे की दोन्ही भाषा बोलणाऱ्या आमच्या मुलांना एकावरून दुसऱ्यावर उडी मारताना खाली पाहावेही लागत नाही. ‘ननगे नीरु बेकु’, मला पाणी पाहिजे. ‘नानु होगबेकु’, मी गेले पाहिजे. इच्छा आणि कर्तव्य या दोन अगदी निराळ्या गोष्टींना दोन्ही भाषा एकच शब्द वापरतात. नकाराचेही तेच. ‘बेड’ म्हणजे नको. ‘होगबेड’ म्हणजे जाऊ नको. आपला ‘नको’ही चहा नाकारतो आणि मुलाला विहिरीकडे जाण्यापासून रोखतो. दखनीने तर मराठीचा ‘नको’ उचलून त्याचा ‘नक्को’ केला आणि तो हैदराबादपर्यंत नेला.

इंग्रजी शिकवताना ही अडचण नेहमी येते. त्या भाषेत इच्छेला एक शब्द आणि कर्तव्याला दुसरा. ‘वॉन्ट’ हा शब्द मध्ययुगात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्लंडात रुजला. त्याचा अर्थ होता ‘उणे असणे’. इच्छेचा अर्थ त्याला फार पुढे, अठराव्या शतकाच्या सुमारास नीट चिकटला. कर्तव्यासाठी ‘ऑट’. हे ‘ओ’ या क्रियापदाचे, म्हणजे देणे लागण्याचे, जुने भूतकाळी रूप. त्याही मागे गेले तर मूळ अर्थ ‘जवळ असणे’. आपल्याजवळ आहे, पण ते दुसऱ्याला द्यायचे आहे, अशी त्याची वाटचाल. ‘शुड’ ज्याच्यापासून निघाला त्या ‘शॅल’चा जुना अर्थही देणे लागण्याचाच. इंग्रज माणूस ‘मी हे करायला हवे’ म्हणतो तेव्हा त्याच्या नकळत त्याची जुनी भाषा म्हणत असते, ‘माझ्यावर एवढे कर्ज आहे.’

कर्तव्य म्हणजे कर्ज ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे घेऊन माणूस जन्माला येतो, असे वेदकाळापासून सांगितले आहे. आईबापांचे ‘पांग फेडणे’ हा तर आपल्या बायाबापड्यांच्या तोंडचा वाक्प्रचार. आणि कर्जाचे शास्त्र लिहिणारा एक मोठा माणूस आमच्याच तालुक्याच्या गावी होऊन गेला. चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६ ते ११२६) याच्या कल्याणात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, मात्र दारू, जुगार आणि बाईच्या नादापायी केलेले कर्ज मुलावर येत नाही, हा स्मृतीचा नियम. पुढच्या काळात भारताच्या मोठ्या भागातील हिंदू कुटुंबांचा कायदा याच ग्रंथावर चालला. केवळ पुत्रधर्म म्हणून बापाच्या कर्जासाठी मुलाला कोर्टात खेचण्याची वाट २००५ च्या वारसा कायद्याच्या दुरुस्तीने, तिच्यानंतरच्या कर्जांपुरती, बंद केली.

मौज पाहा. त्याच विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने त्याच कल्याणात ११२९ च्या सुमारास एक मोठा ग्रंथ रचला. त्याचे नाव ‘मानसोल्लास’ आणि दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’. राजाला काय काय हवेहवेसे असते, खाणेपिणे, गाणे, शिकार, हत्ती, दागिने, या सगळ्याचे ते भांडार. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्यात आहे. म्हणजे काय केले पाहिजे हे सांगणारा ग्रंथ आणि काय काय पाहिजे हे सांगणारा ग्रंथ, दोन्ही काही दशकांच्या अंतराने एकाच गावात लिहिले गेले. आमच्या ‘पाहिजे’चे दोन्ही अर्थ बसवकल्याणच्या मातीत आहेत असे मी गमतीने मुलांना सांगतो. त्यानंतर दोनतीन दशकांनी त्याच गावात बसवेश्वर आले. त्यांच्या एका प्रसिद्ध वचनात चोरी, हिंसा, असत्य यांना उद्देशून एकामागून एक ‘बेड’ येतात. ते इथल्या कन्नड पोरांना पाठ असते आणि मराठी पोरांनाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इच्छा आणि कर्तव्य यांना एक शब्द असणे हा आपल्या भाषांचा ढिसाळपणा आहे का? जर्मन तत्त्वज्ञ कांट याने तसेच म्हटले असते. त्याने १७८५ च्या ग्रंथात दोघांची कडक फारकत केली: मनाची ओढ वेगळी, कर्तव्य वेगळे, आणि कर्तव्याला ओढीची लाच लागता कामा नये. आपल्याकडे मीमांसकांतही हा वाद रंगला होता. वेदाची आज्ञा माणसाला कशी हलवते? प्रभाकराचा पक्ष म्हणे, आज्ञा आहे म्हणूनच. तिला दुसऱ्या आमिषाची गरज नाही. मंडनमिश्र म्हणे, हे कर्म मला हव्या असलेल्या गोष्टीचे साधन आहे असे कळल्यावाचून माणूस जागचा हलत नाही. कर्तव्याच्या पोटात शेवटी ‘हवे’च असते, असा त्याचा रोख.

दहावीच्या एका मुलाने हाच वाद वर्गात एका वाक्यात आणला होता. मी नेहमीचा उपदेश करीत होतो, अभ्यास केला पाहिजे वगैरे. तो उभा राहून शांतपणे म्हणाला, “सर, केला पाहिजे हे बरोबर आहे; पण कुणाला पाहिजे?” वर्ग हसला. प्रश्न मात्र अस्सल होता. ‘पाहिजे’ हा कर्मणि प्रयोग आहे आणि कर्मणीत कर्ता लपवता येतो. गावच्या बैठकीत ‘रस्ता झाला पाहिजे’, ‘नाली साफ झाली पाहिजे’ यावर सगळ्यांचे एकमत होते. चहा होतो. मंडळी घरी जातात. नाली तशीच राहते, कारण ठरावात कर्ताच नसतो.

या प्रश्नाचे उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा आपल्या विभक्तीत सापडले. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. आईला पाणी पाहिजे. मुलाने पाणी दिले पाहिजे. क्रियापद एकच, फक्त एकीकडे ‘ला’ आणि दुसरीकडे ‘ने’. कन्नडात बघा: ‘तायिगे नीरु बेकु, मग नीरु कोडबेकु.’ (कन्नडात ‘मग’ म्हणजे मुलगा, नवीन बदलून आलेल्या शिक्षकांचा इथे हमखास घोटाळा होतो.) तिथेही आईला चतुर्थी आणि मुलगा प्रथमेत. इंग्रजीत आईची गरज एका शब्दाने सांगतात आणि मुलाचे कर्तव्य दुसऱ्या शब्दाने. दोन्ही वाक्ये खरी असू शकतात, पण त्यांना जोडणारा धागा बाहेरून आणावा लागतो. आपल्याकडे तो धागा त्या शब्दातच आहे. एकाची ‘ला’ असलेली गरज हीच दुसऱ्याची ‘ने’ असलेली जबाबदारी होते. तेव्हा ‘कुणाला पाहिजे?’ या त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर आहेच, पण ते दर वेळी ‘मला’ असेल असे नाही.

बोलीत हल्ली ‘मला जायला पाहिजे’ असे सर्रास म्हणतात आणि ‘मी गेले पाहिजे’ मागे पडत चालले आहे. कर्तव्यालाही इच्छेची ‘ला’ लागली. हा कन्नडचा परिणाम असे कुणी सांगेल तर त्याला ‘नानु होगबेकु’ ऐकवावे. तिथे ‘नानु’ अजून प्रथमेत ताठ उभा आहे.

शब्दाच्या मुळावरून नीती सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तसे असते तर व्युत्पत्तीचे कोश वाचून माणसे संत झाली असती. पण मूळ कळले की निदान कुठे पाहावे ते कळते. कर्तव्य म्हणजे कर्ज असे धरले तर कर्ज फिटते. फिटले की पावती घ्यायची आणि मोकळे व्हायचे. कर्तव्य म्हणजे पाहणे असे धरले तर मात्र पावती मिळत नाही, कारण काल पाहिले म्हणून आज पाहायचे राहत नाही. आणि हा फरक आमच्या भागात आज घरोघरी उभा आहे. तूर, सोयाबीन, ज्वारीवर घर भागत नाही म्हणून मुले पुण्याला, हैदराबादला, बेंगळुरूला गेली. जाऊ नये असे कोण म्हणेल? शाळेत त्यांना शिकवून तिकडे पाठवणारे आम्हीच. मागे म्हातारी माणसे राहिली. आमच्या आळीतल्या एका आजींचा मुलगा दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता पैसे टाकतो. गावात त्याचे नाव आहे. त्या एकदा मला म्हणाल्या, “पैसे येतेत, गुरुजी, पण पाहत कुणी नाही.” आपल्या मराठीत ‘पाहणे’चा हाही एक अर्थ आहे. म्हातारपणी पोरे पाहतात किंवा पाहत नाहीत. त्या आजींना व्याकरण ठाऊक नव्हते, पण ‘पाहिजे’चा सातशे वर्षांपूर्वीचा अर्थ त्यांच्या वाक्यात जिवंत होता.

कायद्याने यात लक्ष घातले आहे. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला. मुले सांभाळत नसतील तर उपविभागातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि मूळ कायद्यात दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देण्याची तरतूद आहे. चांगला कायदा आहे. ज्यांना पोटाला मिळत नाही त्यांना त्याचा आधार आहे आणि त्याची माहिती गावागावांत पोचायला हवी. पण न्यायाधिकरण ‘ऑट’ची भाषा बोलू शकते, देणे किती ते सांगू शकते. त्या आजींची तक्रार अर्जाच्या कोणत्या रकान्यात लिहायची?

‘पाहिजे’चा आणखी एक अर्थ सीमाभागातल्या माणसाला विसरता येत नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. त्या काळात ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा या वाटांवरून घुमली. आज इथल्या तहसील कचेरीसमोर कुठल्याही मागणीसाठी लोक बसले की कन्नडमध्ये ‘बेके बेकु, न्याय बेकु’ ऐकू येते. ‘झालाच’मधला ‘च’ आणि ‘बेके’मधला ‘ए’ एकाच कामाचे. इथे ‘पाहिजे’ ना नुसती इच्छा आहे, ना नुसते कर्तव्य. तो हक्क आहे. घोषणा देणारा म्हणतो, मला पाहिजे आणि म्हणून तुम्ही केले पाहिजे. ‘ला’ आणि ‘ने’ एकाच श्वासात. ज्याची मागणी आपल्याला पटत नाही त्याच्या ‘बेकु’तही गरज असू शकते, आणि ज्याची पटते त्याच्या ‘पाहिजे’त नुसती हाव असू शकते, हे दोन्ही भाषा कळणाऱ्यांना जरा लवकर उमगावे अशी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

राहता राहिला ‘नको’. ‘पाहिजे’पेक्षा हा शब्द कठीण आहे. आमच्याकडे पंगतीत पाहुणा ‘नको नको’ म्हणतो, कन्नड घरात ‘बेड बेड’ म्हणतो आणि ताटावर हात आडवा धरतो. वाढणारी बाई त्याच्या शब्दाकडे लक्ष देत नाही. ती हाताकडे बघते. हात घट्ट असेल तर पुढे सरकते, बोटांत फट असेल तर भाकरी ठेवते. म्हातारी माणसे फोनवर मुलांना जे ‘नको’ सांगतात ते बहुधा याच जातीचे. “औषध आहे, नको. तू येऊ नको, सुटी वाया जाईल. दिवाळीला साडी नको, पहिलीच नवी आहे.” मुलगा सुशिक्षित असतो, ‘नको’चा कोशातला अर्थ त्याला ठाऊक असतो, आणि तो त्या अर्थाप्रमाणे वागतो. मागच्या दिवाळीत त्या आजींच्या मुलाने फोनवर विचारले तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. त्यांनी तीन वेळा ‘नको’ म्हटले, फोन ठेवला, आणि पुण्याची गाडी बसवकल्याणला किती वाजता येते ते मला विचारले.